मेंढरांची पावडर

आमच्या घरात सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. राग म्हणून नव्हे, रीत म्हणून. लग्न होऊन न्हावऱ्यात आले तेव्हा आप्पांना काही सांगायचं असलं की मी आत्यांकडं, म्हणजे सासूबाईंकडं बघून सांगायची, "चहा झालाय म्हणावं." आप्पा हातभर अंतरावर बसलेले असायचे. तेही आत्यांकडं बघून म्हणायचे, "आण म्हणावं." मग धनश्री झाली आणि आमची दोघांची मोठी सोय झाली. ती पाळण्यात होती तेव्हापासून सगळे निरोप तिच्यामार्फत. "धनू, आजोबांना सांग, लाईट आली." "धनाबाई, तुझ्या आईला सांग, मोटार चालू करून आलो." पोरगी आळीपाळीनं दोघांकडं बघायची आणि हसायची. बोलायला लागल्यावर तिनं निरोपात आपल्या मनाचंही घालायला सुरुवात केली. एकदा आप्पा बाजारातून मीठ आणायचं सोडून नुसती बिस्किटं घेऊन आले आणि वर म्हणाले, "आईचा निरोप व्हता."

आप्पांचं नाव भैरू. अर्धं आयुष्य त्यांनी मेंढरांमागं काढलं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा मुक्काम, हलवायचा, घाट उतरायचा, कोकणात उन्हाळा काढायचा, पाऊस लागायच्या आत परत. कॅनॉलचं पाणी आलं तसा त्यांनी कळप मोडला, ऊस लावला, कांदा लावला. पण दहा-बारा मेंढरं ठेवली. "गोठ्यात मेंढरू खोकल्याबिगर मला झोप येत न्हाई," म्हणायचे. आणि त्या मेंढरांबरोबर ठेवली दोन पोती पावडर.

पांढरी, पिठासारखी, कुबट वासाची. गोचीड, पिसवा, लूत, सगळ्यावर तीच. पोत्यावरची अक्षरं पुसली होती, कवटीचं चित्र तेवढं अर्धं दिसत होतं. आता ती दुकानात मिळत नव्हती, म्हणून आप्पा ती केशरासारखी जपून वापरायचे. आणि जपून ठेवलेली वस्तू माणूस लाडक्यावर खर्च करतो, तशी धनूवर करायचे. जुन्या धोतराच्या फडक्यात मूठभर बांधून त्याची पुरचुंडी करायची, आणि दिवेलागणीला ती तळहातावर आपटत धनूच्या गोधडीभोवती फिरायचं. फट फट फट. ओसरीवर पांढरी रेघ उठायची.

"आता मुंगी न्हाई, ढेकूण न्हाई, इच्चू न्हाई," ते म्हणायचे. "आमची धनाबाई राजावानी झोपंल."

मग तेच हात धोतराला पुसून ताटावर बसायचे. दुधात भाकरी कुस्करायची आणि पहिला घास धनूला. माझ्या हातचा घास ती थुंकायची. आजाच्या हातचा, बोटं चाटून खायची. आप्पांची बोटं कातर धरून धरून कायमची अर्धी मिटलेली, त्यामुळं घासाला आपोआप चमच्याचा आकार यायचा.

मी पदराआडून बघत राहायची. माझं माहेर खुटबावचं. दौंडच्या कॉलेजात सायन्सला दोन वर्षं काढलेली. त्यामुळं डब्यावरचं, पोत्यावरचं वाचायची खोड मला होती. ही खोड आत्यांच्या लेखी शिक्षणाचा एकुलता एक फायदा.

त्या वर्षी श्रावणात पाऊस बरा झाला. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ओढा आहे, त्यात डोह साचला. संध्याकाळी बेडकांनी कान किटायचे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ओरड सगळी ओढ्याच्या अलीकडची, आमच्या बाजूची. पलीकडं हौसराव मामांचा ऊस. त्या बाजूला गेली दोन वर्षं गप्प होतं. हौसराव मामा आप्पांचे जुने दोस्त, गावचे पाटील, मोठे बागायतदार. पाठीवरचा फवारणीचा पंप खाली ठेवायचा नाही, अशी त्यांची शेती. मी एकदा धनूच्या पप्पांना म्हटलं, "पलीकडची बेडकं कुठं गेली हो?" ते म्हणाले, "मराठ्यांच्या उसात धनगराची बेडकं कशाला जातील?" यांचं सगळं असंच. रांजणगावला कंपनीत कामाला, तीन पाळ्यांत कधी घरी असतील नेम नाही, आणि असले की चेष्टा.

धनूला बेडकांचं वेड आप्पांनी लावलं. ओसरीच्या बल्बखाली किडे पडायचे आणि ते खायला बेडूक येऊन बसायचे. त्यातला एक फार थोराड, अंगभर फोडाफोडांचा, गळा फुगवून बसणारा. धनूनं त्याचं नाव ठेवलं पाटील. हौसराव मामा एकदा चहाला आले असता हे ऐकून म्हणाले, "पोरी, मला बघून नाव ठिवलंस का त्याला बघून?"

"त्याला बघून," आप्पा म्हणाले. "तू एवढा गप बसतोस व्हय कवा?"

मग आप्पा डोहावरून तांब्यातून बेडकाची पिल्लं आणायला लागले. काळी, शेपटीची, वळवळणारी. आत्यांनी परात द्यायचं साफ नाकारलं. "माझ्या कणकेच्या परातीत बेडकं? सुनंनं कालिजात बेडकं चिरली, आता नात पाळतीया. भाकरी कवा करायची कुणी?" शेवटी फुटक्या माठाचा बुडखा मिळाला. धनू त्याच्यापाशी पोट टेकून पडायची. मागचे पाय फुटले की आप्पा पिल्लू ओंजळीत घेऊन तिच्या नाकापाशी धरायचे. "बघ धनाबाई, पाय आलं. आता हे चालत शाळंला जाईल."

एका सकाळी मी झाडायला ओसरीवर आले तर पांढऱ्या रेघेवर पाटील उताणा पडलेला. मेला नव्हता. मागचे पाय ताठ व्हायचे, थरथरायचे, सैल पडायचे, पुन्हा ताठ. मी केरसुणी धरून उभीच राहिले. कॉलेजात टेबलावर बेडकाच्या पायाला तार लावायची आणि पाय असाच झटका द्यायचा. तिथं तारेत करंट होता. इथं काय होतं?

आत्यांनी येऊन केरसुणी माझ्या हातातून घेतली आणि त्याला अंगणाबाहेर लोटलं. "उन्हं लागली आसंल."

"सकाळची कसली उन्हं, आत्या?"

"मग थंडी लागली आसंल. चुलीवर दूध उतू चाललंय बघ."

त्या दुपारी धनू झोपली होती. मी शेजारी लसूण सोलत बसले होते. झोपेत तिचा हात दचकला. बोटं ताठ झाली आणि सैल पडली. लहान मुलं झोपेत दचकतात, मला माहीत आहे, सगळ्यांची दचकतात. तरी लसूण तसाच ठेवून मी तिचा हात मुठीत धरला आणि ती उठेपर्यंत धरूनच बसले.

धनूचे पप्पा पाळीवरून आले तसं मी त्यांना धरलं. "तुम्ही सांगा ना आप्पांना. ती पावडर घरात नको."

"काय सांगू? अगं, मी त्या पावडरीखाली वाढलोय. वाड्यावर आई मला कोकरांतच झोपवायची."

"म्हणूनच असे झालात."

ते हसले. मला हसू येईना. तेव्हा त्यांनी जरा आवाज उतरवला. "एक बेडूक मेला म्हणून म्हाताऱ्याला कुठं दुखवायचं?"

"बेडूक मेला म्हणून नाही. बेडूक जिथं मेला तिथं धनू झोपते, म्हणून."

ते आंघोळीला उठले. दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना म्हणाले, "बघू, सांगतो." मोटारसायकल फाट्याकडं गेली आणि मी समजले की हे काही सांगत नाहीत.

मग मी आमच्या रीतीनं सांगितलं. आप्पा पुरचुंडी घेऊन उभे, धनू गोधडीवर. मी भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "धनू, आजोबांना सांग, पावडर नको म्हणावं. विषारी असते."

"आजा, पावलल नको," धनू म्हणाली. "उद्या टाक."

आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. पण आप्पांना माझं पोचलं होतं. ते खाली बसले. "धनाबाई, तुझ्या आईला सांग. एक साल कोकणातनं येताना कळपाला लूत लागली. रोज एक मेंढरू पडायचं. ह्या पावडरीनं कळप उभा राह्यला. त्या कळपावर तुझा बाप शिकला. इख आसतं तर आमी कवाच मेलो आसतो न्हाई का?"

"धनू, आजोबांना सांग, सरकारनं बंद केलीय. पेपरात आलं होतं."

"तिला म्हणावं, सरकार मेंढरामागं चाललं व्हतं का कवा?"

आवाज चढला नव्हता. उलट त्या संध्याकाळी त्यांनी पुरचुंडी खुंटीला टांगली आणि पुढं दोन-तीन दिवस हात लावला नाही. तेवढ्यात मुंगी धनूच्या पापणीला चावली. डोळा लिंबाएवढा सुजला. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं नुसतं. आप्पांनी पाहिलंसुद्धा नाही. पुरचुंडी काढली आणि गोधडीभोवती एकाऐवजी दोन रेघा मारल्या. मला काय बोलता येणार होतं? सगळी निजायला गेली की मी ओल्या फडक्यानं ती रेघ पुसायची. पुसून झालं की ते पाणी घेऊन अंगणात उभी. मोरीत ओतावं तर मोरीचं पाणी केळीला, केळीपासून विहिरीला. कुठं ओतायचं? शेवटी उकिरड्यावर ओतायची आणि मग सकाळी कोंबड्या उकिरड्यावर गेल्या की जीव वरखाली.

भादव्यात पावसानं उघडीप दिली आणि आप्पांनी कातरणी काढली. कातरायच्या आधी मेंढरं धुवायची. आप्पा डोहात कंबरभर पाण्यात उभे राहिले. धनूचे पप्पा, त्यांना सुट्टी होती, एकेक मेंढरू पायाला धरून आत लोटायचे. आप्पा त्याला बगलेत घेऊन चोळायचे, गढूळ पाणी पिळून काढायचे, पलीकडं सोडायचे. हौसराव मामा काठावर बसून फुकटचे सल्ले देत होते. "भैरू, येवढी आंघोळ तू स्वतः केली आसतीस तर लग्नात नवरी रडली नसती."

"ती माझ्या वासानं न्हाई रडली. जेवणावळीत तुझं जेवण बघून रडली."

उन्हात मेंढरं सुकली. मग कातर. पाय बांधलेलं मेंढरू मांडीत आडवं, आणि आप्पांचा हात पोटापासून पाठीकडं. लोकर घोंगडीसारखी सलग उतरत होती. आतली मेंढरं गुलाबी, लहान, लाजल्यासारखी दिसायची. धनू माझ्या कडेवरून टाळ्या वाजवत होती. खरं सांगायचं तर मीही सगळं विसरून बघत होते. त्या वाकड्या बोटांनी एकाही मेंढराला एक ओरखडा काढला नाही.

भाकरी खाल्ल्यावर त्यांनी काठावर खड्डा घेतला, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी ओतलं आणि पोतं उसवलं. पावडर पाण्यात पडली, आणि आप्पा कोपरापर्यंत हात घालून ढवळायला लागले. पांढरं दूध झालं. एकेका मेंढराला त्यात लोळवलं. मी धनूला घेऊन बांधावर लांब गेले. सगळं झाल्यावर आप्पांनी दरसालच्यासारखा कागद चारी टोकांनी उचलला आणि उरलेलं ओढ्यात सोडलं. दरसाल ओढा वाहता असायचा. औंदा उघडीप होती. डोहातलं पाणी जागच्या जागी उभं होतं.

घरी येऊन त्यांनी बादलीत हात बुचकळले, धोतराला पुसले. धनू माठापाशी वाट बघत होती. "आजा, पाय दाखव." आप्पांनी दोन पायांचं मोठं पिल्लू ओंजळीत उचललं, दाखवलं, परत सोडलं. दुसरं उचललं. मी चुलीपाशी होते. मला ओरडता आलं असतं. "धनू, आजोबांना सांग..." एवढं तोंडात येईपर्यंत तिसरं सोडून झालं होतं.

दिवे लागायच्या आत पिल्लं गोल फिरायला लागली. एकाच बाजूला, भोवऱ्यासारखी. धनू खूश. "आजा, नाचत्यात!" मग एक तळाला बसलं. मग दुसरं.

"पाणी उबलं आसंल," आप्पा म्हणाले, आणि बदललं. स्वतःच्या हातानं. सकाळपर्यंत एकही हलत नव्हतं. धनू उठली ती माठाकडं धावली आणि तिनं भोकाड पसरलं.

"रडू नगं. आत्ता नवी आणतो," असं म्हणून आप्पा तांब्या घेऊन निघाले.

बराच वेळ आले नाहीत. धनूला आत्यांपाशी ठेवून मी पाणी आणायच्या निमित्तानं ओढ्याकडं गेले. आप्पा काठावर उकिडवे बसले होते. तांब्या रिकामा. डोहाच्या कडेला काळ्या सायीसारखा थर जमला होता. ती साय नव्हती. पोटं वर करून पडलेली पिल्लं होती, सगळीच्या सगळी, काही शेपटीची, काही पाय फुटलेली. दगडावर एक मोठा हिरवा बेडूक पाय ताठ करत होता, सोडत होता. आप्पा त्याच्याकडं बघत होते. मी घागर घेऊन मागं उभी. बोलायला मध्ये धनू नव्हती.

पलीकडून हौसराव मामा आले. ओढा ओलांडताना त्यांनी डोहाकडं पाहिलं असेल-नसेल. "भैरू, तुझ्याकडं आलतो. ते दुसरं पोतं मला दे. कांद्याच्या रोपाला मुंगी लागली, आन् दुकानात ती पावडर मिळत न्हाई आता."

"न्हाई."

"म्हंजी? काल तर बघितलं मी. भरलेलं हाय."

"हाय. पर देत न्हाई."

हौसराव मामांना वाटलं चेष्टाच चाललीय. ते हसत माझ्याकडं वळले, मग डोहाकडं, मग पुन्हा आप्पांकडं. "आरं तिच्या. सुनंनं शिकवलं व्हय? का आता बेडकांचं सुतक धरतोस?"

आप्पा उठले. गुडघे मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "व्हय," ते म्हणाले. "धरलंय."

"म्हातारपणी असं व्हतं," एवढं पुटपुटून हौसराव मामा आल्या वाटेनं गेले.

आणि आप्पांनी खरंच सुतक धरलं. घरी आले ते ओसरीवर चढलेच नाहीत. गोठ्यात घोंगडं टाकलं. आत्यांना म्हणाले, "माझं ताट हिकडं आण. पोरीला माझ्याकडं सोडू नगं." पाणीसुद्धा वेगळ्या तांब्यातून. खुंटीवरची पुरचुंडी त्यांनी काठीनं काढली, हात न लावता, आणि उरलेल्या पोत्यात कोंबली. जेवताना उजव्या हाताकडं अशा नजरेनं बघायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

धनू गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. "आजा, घाश."

"आईपाशी जा, धनाबाई. आजाला सुतक हाय."

"शूतक कुठंय? दाव."

ते तोंड फिरवायचे. ती दारातच फतकल मारायची, आणि मी उचलून आणली की लाथा झाडायची. माझ्या हातचं खाईना. दोन घास गेले तर चार बाहेर. मला पाहिजे होतं ते सगळं झालं होतं. ओसरीवर पांढरी रेघ नव्हती, गोधडीला वास नव्हता. आणि घर असं झालं होतं की चुलीवर भाकरी फुगल्याचा आवाज यावा.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" आत्या म्हणाल्या. रागानं नाही, थकून म्हणाल्या. "चाळीस वर्सं हाय मी त्या माणसापाशी. लूत आली तवा बी असा बसला न्हवता."

धनूचे पप्पा म्हणाले, "मी बोलतो." या वेळी खरंच गेले, गोठ्यात बसले, विडीचं बंडल पुढं केलं, पावसाचं बोलले, कंपनीचं बोलले आणि उठून आले. "मला न्हाई जमत गं," म्हणाले. चेष्टा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं. साबणाची नवी वडी फोडली, नारळाचा काथ्या घेतला, आणि गोठ्यात गेले. आप्पा मेंढरांना पाला टाकत होते. मी बादली खाली ठेवली.

"आप्पा, हात द्या."

त्यांनी आधी माझ्या आजूबाजूला पाहिलं. सवयीनं धनूला शोधलं. धनू आत झोपली होती. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांचे डोळे मी असे समोरून पाहिलेच नव्हते. एका डोळ्यात मोतीबिंदू धरत होता; घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"द्या ना," मी म्हणाले. "दोन्ही."

त्यांनी हात पुढं केले. मी खाली बसले आणि ते धरले. एवढे जड असतील असं वाटलं नव्हतं. तळव्यांना भेगा, आणि भेगांच्या तळाशी पांढरं, किती वर्षांचं कोण जाणे. मी साबण चोळला, काथ्यानं घासलं, नखांखाली काडीनं काढलं. पाणी दुसऱ्या पिपात धरलं. बोटं उघडावी लागत होती एकेक करून. ती आपोआप मिटायची, मी पुन्हा उघडायची. मेंढरं पाला खाता खाता थांबून बघत होती.

गोठ्याच्या दारात सावली पडली. आत्या. मी पदर सावरायला हात उचलला, तो साबणाचा. आत्यांनी बादलीत बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाल्या, "अजून कढत लागंल. आणते." आणि आणलं.

आत्या गेल्यावर आप्पा हळू आवाजात म्हणाले, "पोरीला काय झालं आसंल का?"

मला म्हणायचं होतं, नाही हो, काही नाही. ते ऐकायला मीही किती दिवस कुणाकडं तरी बघत होते.

"मला माहीत नाही, आप्पा."

"तू शिकलीयास."

"शिकले, पण एवढं नाही. शिरूरला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवू. त्यांनाही कळेल की नाही माहीत नाही. पण सगळं सांगू, काय काय टाकत होतो ते. घासाचंही."

"मी सांगीन," ते म्हणाले. "मी टाकत व्हतो, मीच सांगीन. उद्याच्या यष्टीनं जाऊ."

त्या संध्याकाळी दोघं बापलेक पोत्याचं काय करायचं यावर भांडले. ओढ्यात नको, विहिरीपाशी नको, उसात पुरायचं नको, जाळायचं नको. दर वेळी दोघंही माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायची. धनूचे पप्पा वैतागले. "मग काय डोक्यावर घेऊन फिरू?" शेवटी ते पोतं, पुरचुंडी आणि हात धुतलेलं पाणी, सगळं पत्र्याच्या दोन पिपांत भरलं, झाकणं ठोकली, आणि वरच्या मुरमाड माळावर, जिथून पाणी आमच्याकडं येत नाही अशा कपारीत ठेवून वर दगड रचले. ते काही बरोबर केलं असं मला अजूनही वाटत नाही. दुसरी जागा आम्हाला सुचली नाही.

सकाळी फाट्यावर एसटीला गर्दी होती. बाजाराचा दिवस. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता, डोक्याला पटका. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं धरले होते, धनूनं झेप घेतली तरी पुढं येईनात. ती माझ्या कडेवरून त्यांच्याकडं लोंबकळत होती. "आजा! ए आजा!"

रस्त्याच्या वळणावर एसटीचा धुरळा दिसला. बायका पिशव्या उचलायला लागल्या.

"घेऊ का तिला?" आप्पांनी विचारलं. धनूला नाही, मला.

"घ्या की."

त्यांनी हात पुढं केले आणि मी तिला त्यात दिलं. ती लगेच त्यांच्या मानेशी चिकटली, पटक्याचं टोक तोंडात घालून. एसटी थांबली. मागून रेटारेटी झाली. चढताना दांडा धरायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता, म्हणून मी सगळ्या गावासमोर माझ्या सासऱ्याचं कोपर धरलं आणि त्यांना वर चढवलं.